शासनाची सत्ता आणि कायद्याची चौकट

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडची ग्रामपंचायत आणि दिल्लीतील केंद्र शासन यांच्या अधिकारांत महदंतर आहे. तथापि राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ प्रमाणे 'राज्य' या संज्ञेत दोहोंचाही समावेश होतो. म्हणून नागरिकांच्या मूलभूत हक्कांचे बंधन दोघांवरही आहे. या बंधनाचा अर्थ एका मराठी हस्तलिखितावरून उद्भवलेल्या खटल्याने स्पष्ट केला.

ऑक्टोबर १९६२ मध्ये देशात आणीबाणी घोषित झाली. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तेथे शासनाच्या अनुमतीने 'अणूच्या अंतरंगात' हा विज्ञानविषयक ग्रंथ लिहिला. प्रकाशनासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठविण्याची परवानगी त्यांनी मागितली. राज्य शासनाने ती नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय संझगिरींच्या बाजूने लागला. त्यावर शासनाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

स्थानबद्धास नियमांत नमूद केलेल्या सवलतीच मिळू शकतात व ग्रंथ बाहेर पाठविण्याची सवलत त्यांत नाही, असे शासनाचे म्हणणे होते. सप्टेंबर १९६५ मध्ये न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी दिलेल्या निर्णयात हा युक्तिवाद अमान्य झाला. स्थानबद्धतेच्या शर्तींत असा ग्रंथ बाहेर पाठविण्यास मनाई नव्हती. म्हणून कायद्याचा आधार नसलेला हा निर्बंध व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरला. अपील फेटाळले गेले. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ मधील हक्कांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली.

या निर्णयाचे सार असे की, 'नियमात तशी तरतूद नाही' हे वाक्य नागरिकाचे स्वातंत्र्य अडविण्यास पुरेसे नाही. तरतूद दाखविण्याची जबाबदारी निर्बंध घालणाऱ्यावर आहे.

हे तत्त्व गावपातळीवरही तितकेच लागू पडते. अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणताही कर बसविता अथवा वसूल करता येत नाही. थकलेली घरपट्टी वसूल करण्याची रीत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये घालून दिली आहे. ती सोडून एखाद्याचा दाखला अडवून ठेवावयाचा विचार झाल्यास, त्यास आधार कोणत्या कलमाचा, हे आधी पाहिले पाहिजे. हेतू गावाच्या हिताचा असला, तरी तो कायद्याची जागा घेऊ शकत नाही.

नकाराच्या आदेशावर स्वाक्षरी करण्यापूर्वी अधिकाऱ्याने वा सरपंचांनी तीन गोष्टी तपासाव्यात : हा अधिकार कोणत्या कायद्याने दिला आहे? तो वापरण्याची विहित रीत पाळली गेली आहे काय? आणि संबंधितास आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली काय? शाळेतील नागरिकशास्त्राच्या तासालाही हेच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतील. अशा तपासणीने प्रशासन दुर्बळ होत नाही. उलट त्याचा आदेश न्यायालयात टिकतो आणि लोकांचा विश्वासही.