शिकागोची वाट : परदेशातील परिषदेला जाणाऱ्याने काय जाणावे?

आरंभीच एक कबुली देतो. मी परदेशी गेलेलो नाही. विमान पाहिले ते आमच्या गावावरून जाताना, मान वर करून. तेव्हा ‘परदेशातील परिषदेला कसे जावे’ या विषयावर लिहिण्याचा याला काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, नीट चौकशी न करता प्रवासाला निघाले म्हणजे काय होते, हे मी एक रात्र भोगले आहे.

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाने मला एका विद्यार्थी परिसंवादासाठी दुसऱ्या जिल्ह्यात पाठविले. निबंध मी तोंडपाठ केला होता. एस.टी. रात्री साडेदहाला पोहोचली. उतरण्याच्या जागेचा पत्ता फोनमध्ये होता आणि फोन वाटेतच बंद पडला होता. ओळखपत्र घरी राहिले होते. कोणाला काय विचारावे हेही सुचेना. आईने दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन मी स्थानकाच्या बाकावर रात्र काढली. सकाळी निबंध वाचला खरा, पण थंडीने आवाज बसला होता.

परतल्यावर इतिहासाच्या सरांना हे सांगितले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “अरे, तू तर विवेकानंदांच्या वाटेने गेलास! ग्रंथालयातून त्यांचे चरित्र काढ आणि भाषण सोडून बाकीचे वाच.” मी वाचले. शिवाय आमच्या एक प्राध्यापिका मध्यंतरी शिकागोच्या एका परिषदेला जाऊन आल्या आहेत, त्यांना आठ दिवस प्रश्न विचारून भंडावले. या दोन्हींतून जे हाती लागले ते येथे मांडतो.

एका प्रतिनिधीचा प्रवास

विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान असे करीत जुलैअखेर ते शिकागोला पोहोचले. तेथे चौकशी केल्यावर त्यांना दोन गोष्टी कळल्या. सर्वधर्मपरिषद ११ सप्टेंबरला सुरू होणार होती, म्हणजे अजून सहा आठवडे अवकाश होता. आणि मान्यताप्राप्त संस्थेचे पत्र असल्याखेरीज कोणालाही प्रतिनिधी म्हणून घेत नव्हते. शिवाय नावे नोंदविण्याची मुदतही टळून गेली होती. मद्रासच्या ज्या तरुणांनी वर्गणी जमवून त्यांना पाठविले, त्यांच्यापैकी कोणालाच हे ठाऊक नव्हते. आपला माणूस गेला की त्याला बोलावतीलच, असा त्यांचा भाबडा विश्वास होता.

शिकागो महाग होते, कारण त्याच वेळी तेथे जागतिक प्रदर्शन भरले होते. बोस्टनकडे खर्च कमी म्हणून ते तिकडे गेले. रेल्वेत ओळख झालेल्या केट सॅनबॉर्न नावाच्या लेखिकेने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. तेथून २० ऑगस्टला मद्रासला लिहिलेल्या पत्रात, दिवसाला सरासरी एक पौंड खर्च होतो, असा हिशेब त्यांनी कळविला आहे. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांची गाठ पडली. त्यांनी ओळखपत्र लिहून दिले, म्हणून दार उघडले. तरीही शिकागोला उतरताना समितीचा पत्ता हरवलाच. ती रात्र त्यांनी रेल्वेच्या आवारात एका रिकाम्या डब्यात काढली, असे चरित्रकार सांगतात. दुसऱ्या दिवशी मळक्या कपड्यांमुळे कोणी दारात उभे करीना. शेवटी रस्त्याकडेला बसलेले पाहून समोरच्या घरातील हेल बाईंनी, तुम्ही परिषदेचे प्रतिनिधी का, असे स्वतः येऊन विचारले आणि योग्य ठिकाणी पोहोचविले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ गप्प बसलो. विवेकानंद पदवीधर होते, इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व होते. कमी होती ती बुद्धीची नव्हे, माहितीची. ती त्यांना कोणी दिलीच नव्हती. त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीने बोलले. जैनांचे आचार्य आत्मारामजी यांना निमंत्रण होते. परंतु साधूला समुद्रप्रवास वर्ज्य, म्हणून त्यांनी आपल्या जागी वीरचंद गांधी यांना पाठविले. वीरचंद गांधींच्या मागे निमंत्रणाचा कागद होता. विवेकानंदांच्या हाती नव्हता. फरक एवढाच.

कागदाचे काम आधी

त्या काळी आजच्यासारखा व्हिसा नव्हता. आज पहिली पायरी पासपोर्टची. अर्ज संगणकावर भरायचा, नंतर कागद घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात जायचे. २०१७ पासून अनेक जिल्ह्यांच्या टपाल कार्यालयांतही ही सोय झाली आहे. नावाची काळजी सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, असेही पुष्कळदा असते. पासपोर्टवर जे नाव, तेच परिषदेच्या नोंदणीत, निमंत्रणपत्रात आणि विमानाच्या तिकिटावर अक्षरशः असले पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी हे विशेष पाहावे.

दुसरी पायरी निमंत्रणपत्राची. निबंध स्वीकारला गेला की संयोजकांकडून असे पत्र मागून घ्यावे. त्यात परिषदेचे नाव, तारखा, स्थळ आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट असावे. मात्र या पत्राने व्हिसा मिळेलच असे नाही. अमेरिकेसाठी परिषदेच्या पाहुण्याला साधारणपणे बी-१ प्रकारचा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज, शुल्क आणि वकिलातीतील मुलाखत यांत कधी कधी कित्येक महिने जातात. म्हणून परिषदेची तारीख कळताच कामाला लागावे. मुलाखतीत पाठ केलेले भाषण उपयोगी पडत नाही. कशासाठी जाता, खर्च कोण करणार आणि परत कशासाठी येणार, या तीन प्रश्नांना खरी आणि थोडक्यात उत्तरे द्यावीत. परत येण्याला आपले कारण आहे हे त्यांना पटावे लागते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. व्हिसावर लिहिलेली मुदत म्हणजे राहण्याची मुदत नव्हे. त्या तारखेपर्यंत दारात उभे राहता येते, एवढाच तिचा अर्थ. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवितो. ती तारीख तेथेच पाहून घ्यावी.

कपडे, पैसा, अन्न

विवेकानंदांपाशी गरम कपडे नव्हते; जपानहून पुढच्या समुद्रावर ते थंडीने कुडकुडले. शिकागो मोठ्या सरोवराच्या काठी आहे. तेथे हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या खूप खाली जातो आणि वारा बोचरा असतो. तेथील तपमान फॅरनहाइटमध्ये सांगतात; ३२ म्हणजे आपले शून्य. ‘४० आहे’ असे ऐकून कोणी सुती सदरा घालून बाहेर पडू नये!

दुकानात वस्तूवर लिहिलेल्या किमतीत कर धरलेला नसतो. तो पैसे देताना वर लागतो. खानावळीत वाढणाऱ्याला बिलाच्या १५ ते २० टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे. आपल्याला ती जाचक वाटली, तरी खर्चाच्या अंदाजात धरलीच पाहिजे. तेथील वीज १२० व्होल्टची आणि दोन चपट्या पट्ट्यांच्या पिनेची, म्हणून जोडपिन इथूनच न्यावी. दवाखान्याचा खर्च अवाढव्य असल्यामुळे प्रवासाचा विमा उतरवावा. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत.

आईचे गाठोडे मात्र जरा तपासून न्यावे. ताजी फळे, बियाणे आणि मांसाचे पदार्थ यांवर तेथे कडक निर्बंध आहेत. चटणी, लाडू असे काही जवळ असेल तर ते अर्जात सांगावे. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतील. लपविलेल्यासाठी दंड होतो.

पत्ता कागदावर

शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून निळ्या मार्गाची रेल्वे रात्रंदिवस शहरात जाते, म्हणून रात्री उतरणाऱ्यानेही घाबरू नये. पण जायचे कोठे हे कागदावर लिहिलेले असावे : राहण्याचे ठिकाण, परिषदेचे स्थळ आणि संयोजकांचा दूरध्वनी. एक प्रत खिशात, एक सामानात. आपल्या घड्याळाच्या ते उन्हाळ्यात साडेदहा तास आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे असतात. शक्यतो एक दिवस आधी पोहोचावे, म्हणजे झोपेचे गणित जुळते आणि व्यासपीठावर जांभई येत नाही.

१८९३ ची परिषद ज्या इमारतीत भरली ती आज शिकागोचे कलासंग्रहालय आहे आणि तिच्यासमोरच्या रस्त्याच्या एका भागाला विवेकानंदांचे नाव दिले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच शहरात पुन्हा सर्वधर्मपरिषद भरली. ज्याला रात्र डब्यात काढावी लागली, त्याचे नाव रस्त्याला लागले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु हेल बाई प्रत्येकाला भेटत नाहीत. आपल्यासारख्या पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतील मुलांनी दैवावर भिस्त ठेवू नये. ज्यांच्या घरी कोणी आधी जाऊन आलेले असते, त्यांना या गोष्टी जेवताना कानावर पडतात. आपल्याला त्या विचाराव्या लागतात. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता बाकावर रात्र काढण्यात आहे.

हे सारे लिहून झाल्यावर मी स्वतः पासपोर्टसाठी अर्ज केला. चौकशीला पोलीस घरी आले, तेव्हा आई घाबरून शेजारच्या काकूंकडे धावली. वडील आडतीवर हमाली करतात, चौथीपर्यंत शिकलेले. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर, काही देशांत नोकरीसाठी जायचे तर सरकारी परवानगी लागेल, असा शेरा असतो. माझ्या पासपोर्टवर तो नाही. याचे कारण मी वडिलांना समजावून सांगितले. त्यांनी ते निळे पुस्तक उलटेसुलटे करून पाहिले, हात धोतराला पुसले आणि ते ट्रंकेत माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवले.

त्याची पाने अजून कोरी आहेत. ज्या मित्राला अर्ज भरायचा असेल त्याने मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यावे. मी खिडकीजवळच्या बाकावर असतो.

— द्वितीय वर्ष कला