ती गुन्हेगार नाही : देहविक्रय करणाऱ्या भगिनींचे आरोग्य आणि कायदा



या पानावर आपण क्षयरोग, रक्तदाब, बाळंतपण अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय निघाला की घरातली मोठी माणसे पोरांना बाहेर पिटाळतात. तरीही लिहीत आहोत, कारण गप्प राहण्याची किंमत कोण मोजते ते आम्ही पाहिले आहे.

लालबागच्या बाजूला एका वस्तीत भाड्याच्या खोलीत एक बाई राहत होती. शेजारीपाजारी सांगायची, केटरिंगच्या कामाला जाते. एका रात्री लॉजवर गिऱ्हाइकाने तिला मारले आणि निरोध न वापरता जबरदस्ती केली. ती आमच्याकडे आली पाचव्या दिवशी, तेही ताप आणि ओटीपोटात दुखते म्हणून. हळूहळू सगळे बोलली. आम्ही विचारले, "ताई, त्याच दिवशी दवाखान्यात का नाही गेलात?" ती म्हणाली, "सिस्टर, धंदा करते म्हणजे गुन्हा मीच करते ना? कुठल्या तोंडाने जाऊ? केस पेपर काढला की पोलीस मलाच धरणार."

एचआयव्हीची लागण टाळणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. ती मुदत संपून गेली होती. पुढचे तीन महिने प्रत्येक चाचणीपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटचा रिपोर्ट चांगला आला. पण जे औषध सरकारी रुग्णालयात फुकट मिळते ते तिला मिळाले नाही, आणि त्याला कारण झाली कायद्याबद्दलची एक चुकीची समजूत. ती समजूत तिची एकटीची नाही. आपल्या घराघरांत ती आहे. म्हणून हा पाठ.

हा आपला विषय आहे का?

काही वाचक म्हणतील, हे कामाठीपुऱ्यातले, फॉकलंड रोडचे प्रश्न. आपल्या बौद्ध वस्तीत कशाला? पहिली गोष्ट, कामाठीपुरा आता पूर्वीचा राहिलेला नाही. धंदा मोबाईलवर आणि लॉजवर गेला आहे. बायका भाड्याच्या खोल्या घेऊन आपल्यासारख्याच वस्त्यांत राहतात, त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात.

दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी दादरला मुंबई इलाखा महार परिषद झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १६ जून १९३६ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, वाघे, पोतराज यांची सभा भरली. तिथे बाबासाहेब बोलले. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. हा धंदा सोडा आणि आमच्याबरोबर मानाने जगा, असे त्यांनी बायकांना स्पष्ट सांगितले. देवाच्या नावाने पोरी सोडण्याची रीत कोणत्या जातींच्या माथी मारली होती आणि त्या पोरी मुंबईत कुठे येऊन पडत होत्या, हे त्यांना माहीत होते. पण सांगण्याची जागा बघा. त्यांनी त्यांना चळवळीच्या सभागृहात, माणूस म्हणून, समोर बसवून सांगितले. दार उघडे ठेवले.

देहविक्रय हे काम मानावे की गुलामी, यावर चळवळीत मतभेद आहेत. आमच्या गटातही आहेत. पण ती बाई औषधावाचून राहता कामा नये, मार खाऊन गप्प बसता कामा नये, आणि तिच्या लेकराला शाळेत खाली मान घालावी लागता कामा नये, यावर आमचे दुमत नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडचा मुख्य कायदा अनैतिक मानवी व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. त्याला बोलीत 'पिटा' म्हणतात. या कायद्याखाली गुन्हे कोणते ते लक्षात घ्या.

कुंटणखाना चालवणे, त्यासाठी जागा देणे, मुलीबाईला फूस लावून किंवा विकत आणणे, कोंडून ठेवणे, तिच्या कमाईवर जगणे, हे गुन्हे आहेत. म्हणजे दलाल, घरवाली आणि विकणारा हे गुन्हेगार. सज्ञान स्त्रीने स्वतः, कोणाच्या सक्तीविना, चार भिंतींच्या आत देहविक्रय करणे हा या कायद्यात गुन्हा नाही. मात्र रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक बोलावणे, तसेच प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करणे, यासाठी त्या बाईलाही शिक्षा होऊ शकते. मुंबईच्या दाट वस्तीत २०० मीटरचे अंतर राखणारी गल्ली शोधूनही सापडणे कठीण. त्यामुळे गुन्हा नसूनही ती सतत धाकात राहते.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तिच्या संमतीला अर्थ नाही. तो थेट बलात्कार आणि मानवी व्यापार आहे, पोक्सो कायदाही लागू होतो. अशी मुलगी कुठे दिसली, कळली, तर १०९८ किंवा ११२ वर लगेच फोन करा. इथे गप्प बसणे हाही गुन्हा ठरतो.

आता न्यायालयांचे म्हणणे. १९९० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस निरीक्षकाच्या प्रकरणात सांगितले, की बाईचे चारित्र्य कसेही मानले जात असो, तिच्या खासगीपणावर घाला घालण्याचा हक्क कोणाला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना सोडण्याचा आदेश दिला आणि देहविक्रय हा पिटा कायद्याखाली गुन्हा नाही, सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही, असे सांगितले.

सर्वात महत्त्वाचा आदेश १९ मे २०२२ चा. कोलकात्यात १९९९ साली देहविक्रय करणाऱ्या एका स्त्रीचा खून झाला. त्या खटल्यातून सुरू झालेल्या सुनावणीत न्या. एल. नागेश्वर राव, न्या. भूषण गवई आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांनी राज्यांना निर्देश दिले. त्यातले आपल्या उपयोगाचे असे :

१. लैंगिक अत्याचार झाला तर या स्त्रियांना इतर कोणत्याही पीडित स्त्रीइतक्याच सोयी, तातडीच्या उपचारांसह, मिळाल्या पाहिजेत.

२. पोलिसांनी त्यांच्याशी सन्मानाने वागावे, शिवीगाळ किंवा मारहाण करू नये.

३. जवळ निरोध सापडला हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये.

४. छाप्याच्या किंवा सुटकेच्या बातमीत त्यांची ओळख उघड होऊ देऊ नये.

५. सुधारगृहात मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणे तपासून ठरावीक मुदतीत सुटका करावी.

६. राहण्याचा पुरावा नसला तरी नॅकोच्या राजपत्रित अधिकाऱ्याने किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाने दिलेल्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यावे. त्यावरून तिचा व्यवसाय कळेल अशी कोणतीही खूण नसावी.

या सगळ्याच्या मुळाशी संविधानाचा अनुच्छेद २१ आहे, सन्मानाने जगण्याचा हक्क. तो देताना संविधान कोणाचा व्यवसाय विचारत नाही.

अत्याचार झाला तर : पहिले ७२ तास

हा भाग कापून जवळ ठेवा. तो कोणत्याही स्त्रीला लागू आहे.

पैसे घेतले म्हणजे काहीही करण्याची परवानगी दिली असे होत नाही. तिने नको म्हटल्यावर जबरदस्ती केली तर तो बलात्कारच. नवरा असो, गिऱ्हाईक असो वा ओळखीचा, तिने लगेच रुग्णालय गाठावे. बलात्काराच्या पीडितेवर पहिला उपचार मोफत करणे सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे. नाकारणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. 'आधी पोलिसांचा कागद आणा' असे कोणी सांगू शकत नाही.

एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या; ७२ तासांनंतर उपयोग नाही. त्या २८ दिवस, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. निरोध फाटला तरी याच गोळ्यांसाठी जायचे. गर्भधारणा टाळणारी गोळीही ७२ तासांच्या आत घ्यावी. गुप्तरोग आणि कावीळ ब यांसाठी तपासणी व औषध मागून घ्यावे.

शक्य असेल तर अंघोळ न करता जावे आणि अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत न्यावेत. अंघोळ झाली असेल तरी जावेच, उपचार महत्त्वाचा. तपासणीला तिची संमती लागते. 'दोन बोटांची तपासणी' सर्वोच्च न्यायालयाने बंद करायला सांगितली आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. वकील हवा असेल तर उत्पन्न न पाहता प्रत्येक स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, फोन १५१००. महिलांची हेल्पलाइन १८१.

रोजची काळजी

पुष्कळ गुप्तरोगांची बाईला सुरुवातीला काहीच लक्षणे जाणवत नाहीत. म्हणून त्रास होण्याची वाट न पाहता दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी करावी. परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे., मुंबई सेंट्रलचे नायर या रुग्णालयांत चाचणी, समुपदेशन आणि एआरटी औषधे मोफत आहेत. चाचणी संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट परक्याला सांगता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तसे बंधन आहे. शंका असेल तर १०९७ वर नाव न सांगता विचारता येते.

अंगावरून वास येणारे पाणी जाणे, जागेवर फोड किंवा जखम, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, यांपैकी काही असेल तर मेडिकलमधून अंदाजाने गोळी आणू नये. अर्धवट उपचाराने आजार दबतो आणि आत वाढतो. आतून साबण किंवा डेटॉलने धुऊ नये. नाजूक त्वचा सोलते आणि लागण सोपी होते. निरोधावरची तारीख पाहावी, त्याला तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, एकावर एक दोन चढवू नयेत. कावीळ ब च्या लसीचे तीन डोस पूर्ण करावेत. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची कर्करोग तपासणी करावी. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासावी. मन खचले, झोप उडाली, दारूशिवाय राहवत नाही असे झाले तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे.

एचआयव्ही असला तरी गोळ्या नियमित घेतल्या की रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी होतो. तो तसाच कमी राहिला तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. एका नळावर पाणी भरल्याने, एका संडासाने, तिच्या हातचे जेवल्याने तर तो कधीच होत नाही.

उपासक-उपासिकांनी काय करावे?

कोणी म्हणेल, पंचशीलात कामेसु मिच्छाचार वर्ज्य आहे. आहेच. पण मग गिऱ्हाइकाला ते शील लागू नाही का? तो आपल्यातून उठून जातो आणि विहारात पहिल्या रांगेत बसतो, तेव्हा आपण त्याला काही विचारत नाही. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत हे सांगताना तथागतांनी शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्याबरोबर जिवांचा व्यापारही वर्ज्य सांगितला. दोष विकणाऱ्यावर आहे. आणि वैशालीच्या आम्रपालीचे भोजनाचे निमंत्रण त्यांनी आधी स्वीकारले, म्हणून लिच्छवी राजपुत्रांचे नाकारले. पुढे ती भिक्खुणी झाली. तिच्या घरी जाण्याआधी त्यांनी धंदा सोडण्याची अट घातली नव्हती.

म्हणून चार गोष्टी करा. वस्तीत अशा बाईबद्दल कुजबुज चालली असेल तर ती आपल्या ओट्यावर थांबवा. तिच्या मुलांना धम्मशाळेत आणि अभ्यासिकेत इतरांसारखेच बसवा. ती आजारी दिसली तर कारण न विचारता तिच्याबरोबर रुग्णालयात जा. सोबत असलेल्या बाईला रांगेत कोणी सहसा हाकलत नाही. आणि तिला दुसरे काम हवे असेल तर बचत गटात जागा करा, शिवणकाम, स्वयंपाक, रुग्णसेवा यांपैकी काय जमेल ते तिलाच विचारा. धंदा सोड म्हणणे सोपे आहे. सोडल्यावर पहिल्या महिन्याचे भाडे कोण भरणार, याचे उत्तर आपल्याकडे असले तरच त्या म्हणण्याला अर्थ आहे.

लालबागची ती बाई आता दर सहा महिन्यांनी तपासणीला येते. मागच्या खेपेला ती दुसऱ्या एका घाबरलेल्या पोरीला हाताला धरून घेऊन आली. घटना आदल्या रात्रीची होती. औषध वेळेत सुरू झाले.

हा पाठ येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात मोठ्याने वाचा. पुरुषांनाही बसवा.

नमो बुद्धाय, जयभीम.