हरताळ आणि संप
शनिशिंगणापूर हे गाव घरांना कुलूप न लावण्याच्या प्रथेबद्दल प्रसिद्ध आहे. 'हरताळ' या शब्दात मात्र कुलूपच दडलेले आहे. 'हाट' म्हणजे बाजार व 'ताळे' म्हणजे कुलूप. निषेधार्थ दुकाने बंद ठेवणे, तो हरताळ. कामकऱ्यांनी एकजुटीने काम थांबविणे, तो संप. गुजरातीत 'संप' म्हणजे ऐक्यच!

याच जिल्ह्यातील पुणतांबे येथून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा लढा सुरू झाला. कर्जमाफी व रास्त भाव यांसाठी त्यांनी शहरांकडे जाणारे दूध व भाजीपाला रोखला. शेतकऱ्यास मालक नसतो. तरीही एकजुटीमुळे त्या लढ्यास 'शेतकरी संप' हेच नाव पडले. त्याच महिन्यात राज्य सरकारने कर्जमाफी जाहीर केली.

मुलांनो, काय थांबले व कोणी थांबविले, हे पाहूनच शब्द योजावा.