घटक ४ : निरीक्षणपर लेखन – छायाचित्र आणि शब्द

४.१ उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• निरीक्षण आणि अनुमान यांतील भाषिक भेद सांगता येईल.
• छायाचित्राला जोडावयाची टीप नेमकेपणाने लिहिता येईल.
• अशा लेखनातील जबाबदारीचे स्वरूप स्पष्ट करता येईल.

४.२ प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रवासवर्णनाचा विचार केला. या घटकात निसर्गछायाचित्रासोबत येणाऱ्या लेखनाचा विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी आपण गोव्यातील चोडण बेट घेऊ. मांडवी नदीतील या बेटाच्या पश्चिम टोकास डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर असून त्याचा बहुतेक भाग कांदळवनाने व्यापलेला आहे. रायबंदरहून फेरीबोटीने तेथे जाता येते.

४.३ विषय-विवेचन
४.३.१ ‘दुर्मीळ’ या शब्दाचा अर्थ
मानेभोवती पांढरी पट्टी असलेला खंड्या (कॉलर्ड किंगफिशर) पाहण्याच्या आशेने अनेक छायाचित्रकार चोडणला जातात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो मोजक्या ठिकाणीच आढळतो. मात्र अंदमानात आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर हाच पक्षी नेहमीचा आहे. म्हणजे ‘दुर्मीळ’ हे विशेषण केवळ पक्ष्याचे वर्णन करीत नाही. ते पक्षी आणि स्थळ यांचा संबंध सांगते. स्थळाचा उल्लेख नसेल, तर ते विशेषण अपुरे राहते.

४.३.२ एका शब्दयोगी अव्ययाचे मोल
आपल्या विहिरीकाठी, तारांवर सर्रास दिसणाऱ्या खंड्याचा गळा व छाती पांढरी असते. डोके व पोट मात्र तपकिरी असते. चोडणच्या उपरोक्त खंड्याचे डोके निळसर हिरवे, पोट पांढरे असते आणि पांढरा पट्टा मानेला पूर्ण वेढतो. आता ‘गळा पांढरा’ व ‘मानेभोवती पांढरा पट्टा’ या दोन नोंदी ताडून पाहा. पहिली नोंद दोन्ही पक्ष्यांना लागू पडते. दुसरीतील ‘भोवती’ हे अव्यय त्यांना वेगळे करते. पक्षी पाठमोरा असेल वा प्रकाश अपुरा असेल, तर छायाचित्रातून जाती ठरविणे कठीण जाते. अशा वेळी नोंदवहीतील हा एक शब्द निर्णायक ठरतो.

४.३.३ निरीक्षण आणि अनुमान
पुढील दोन उतारे वाचा.

(अ) चोडणच्या रम्य परिसरात आम्हांस एका अत्यंत दुर्मीळ पक्ष्याचे दर्शन घडले. जणू आमच्यासाठीच तो ऐटीत बसला होता.

(आ) ओहोटी सुरू होती. खारफुटीच्या उघड्या मुळावर खंड्या बसला होता. पाठ निळसर हिरवी, पोट पांढरे, मानेभोवती पांढरा पट्टा. होडी जवळ येताच त्याने दोनदा डोके खाली-वर केले व तो आतल्या फांदीवर गेला. घाबरला असावा.

पहिला उतारा लेखकाच्या आनंदाविषयी सांगतो. पक्षी त्यात जवळजवळ नाहीच. दुसऱ्यातील ‘बसला होता’, ‘केले’, ‘गेला’ ही रूपे पाहिलेल्या घटना सांगतात. ‘असावा’ हे विध्यर्थी रूप तर्क सांगते. पाहिलेले आणि तर्काने जाणलेले यांतील सीमारेषा मराठी क्रियापद अशा प्रकारे दाखवू शकते. ‘घाबरला असावा’ असे लिहिणाऱ्याला होडी आणखी पुढे न्यावी की नाही, हा प्रश्नही पडतो. ‘आमच्यासाठीच ऐटीत बसला’ असे लिहिणाऱ्याला तो पडत नाही.

४.३.४ ‘शिकार’ : व्यवहारातील व कायद्यातील अर्थ
व्यवहारात ‘शिकार’ म्हणजे प्राण्याला मारणे वा पकडणे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील व्याख्या याहून व्यापक आहे. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे हेही तिच्यात समाविष्ट आहे. म्हणून जवळून चित्र मिळावे यासाठी घरट्यापुढील फांद्या बाजूस सारणे ही किरकोळ बाब नव्हे. हीच दक्षता लेखनातही हवी. स्थळाचा उल्लेख आवश्यक असतो, हे आपण पाहिले. परंतु ‘चोडण, कांदळवन’ एवढा उल्लेख पुरेसा आहे. घरट्याची नेमकी जागा प्रसिद्ध करू नये. ती वाचून येणारी गर्दी पक्ष्याला घरटे सोडावयास लावू शकते.

४.४ सारांश
चांगली टीप स्थळ, काळ, रूप आणि हालचाल सांगते. तर्क तर्काच्याच रूपात मांडते. आणि काय सांगू नये हेही जाणते.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘दुर्मीळ’ हे विशेषण स्थळसापेक्ष आहे, हे सोदाहरण स्पष्ट करा.
२. उतारा (अ) मधील कोणती विधाने निरीक्षणावर आधारलेली नाहीत?
३. आपल्या घराजवळ दिसणारा कोणताही एक पक्षी दहा मिनिटे पाहा व पाच वाक्यांची टीप लिहा. त्यांपैकी एकच वाक्य अनुमानाचे असावे.