फसवून किंवा बळजबरीने लाविलेले लग्न

मुलीस धाक घालून किंवा वराचा जुना आजार लपवून लग्न लाविले जाते, आणि मग वडील माणसे म्हणतात, “झाले ते झाले, आता मुकाट्याने नांद.” हा सल्ला आम्हांस घातक वाटतो.

सन १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमान्वये असे लग्न न्यायालय रद्द करू शकते. परंतु बळजबरी थांबल्यापासून किंवा लबाडी उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. आणि सर्व कळल्यावरही ती राजीखुशीने नवऱ्यापाशी राहिली, तर तो मार्ग खुंटतो. “थोडे दिवस पाहू” म्हणता म्हणता हक्क जातो तो असा! फसलेल्या वरासही हेच लागू आहे.

ख्रिस्ती विवाहांस १८६९ चा घटस्फोटाचा कायदा लागू आहे. बळजबरीने वा कपटाने संमती घेतली असल्यास विवाह रद्द करण्याचा अधिकार २००१ च्या दुरुस्तीपासून जिल्हा न्यायालयास आहे. पंचांनी लिहून दिलेल्या फारकतीने ख्रिस्ती विवाह मोडत नाही, हे मंडळीतील वडिलांनी ध्यानात ठेवावे.

खर्चाची भीती पुष्कळांस असते. पण १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.