पोखऱ्याला जाताना खिडकी कोणती?

काठमांडू ते पोखरा हा विमानप्रवास जेमतेम 25 मिनिटांचा. सुरुवातीची काही मिनिटं काठमांडूच्या खोऱ्यातून वर येण्यात जातात, शेवटची उतरण्यात. मधल्या थोड्या वेळात गणेश हिमाल, मनास्लू, अन्नपूर्णा अशी शिखरं एकामागून एक समोर येतात, पण ती एकाच बाजूच्या प्रवाशांना. विमान पश्चिमेला जातं आणि हिमालय उत्तरेला असतो. म्हणून जे पाहायचं ते सगळं उजव्या हाताला. डावीकडे महाभारत रांगेचे हिरवे डोंगर दिसतात. ते देखणे आहेतच, पण माणूस एवढ्या लांब आलेला असतो तो 8,163 मीटर उंचीचं मनास्लू पाहायला.

पोखऱ्यामार्गे मुक्तिनाथाच्या यात्रेला निघालेल्या मराठी गटांना हे आधी क्वचितच कुणी सांगतं. आमच्या गटाची तिकिटं काढणाऱ्यांनी वयस्कर मंडळींना ‘विंडो’ कबूल केली होती आणि ती दिलीही. फक्त त्यातल्या निम्म्या खिडक्या डाव्या बाजूच्या निघाल्या. सत्तरी ओलांडलेल्या एक काकू डावीकडे होत्या. पट्टा बांधलेला, उठायची सोय नाही. पलीकडच्यांच्या खांद्यांवरून जेवढं पांढरं दिसलं, तेवढाच त्यांच्या वाट्याचा हिमालय. पुन्हा नेपाळला येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्याची हळहळ मला अजून वाटते.

म्हणून चेक-इन काउंटरवर नुसतं ‘विंडो द्या’ म्हणू नये. ‘उजवीकडची, मागची द्या’ असं स्पष्ट सांगावं आणि परतीच्या वेळी तितक्याच आठवणीने डावीकडची मागावी. ‘ए’ ही सहसा डावी खिडकी असते; उजव्या खिडकीचं अक्षर मात्र विमानागणिक बदलू शकतं, तेव्हा अक्षरापेक्षा बाजू सांगणं बरं.

मागची कशासाठी? या मार्गावर एटीआर 72 जातीची विमानं बरीच उडतात. त्यांचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची दरी, नद्या, पायऱ्यापायऱ्यांची शेती अगदी मोकळी दिसते. पण त्याच पंखांना इंजिनं आणि प्रॉपेलर जोडलेले असतात आणि पुढच्या काही ओळींना नेमके तेच आडवे येतात. मागच्या ओळींना हा त्रास नाही. शिवाय प्रवाशांचं दारही मागेच असतं.

दिल्ली-काठमांडू उड्डाणाला एअरबस 320 किंवा बोइंग 737 असेल, तर हिशेब उलटा होतो. तिथे पंख खिडक्यांच्या खाली, म्हणून मधल्या ओळींना जमिनीऐवजी पंखाचा पत्राच दिसतो. पंखामागे बसलं तर इंजिनाच्या गरम झोतामुळे त्या बाजूचं दृश्य थरथरतं आणि फोटो धूसर येतात. अशा विमानात पंखाच्या पुढची जागा घ्यावी. त्यातही 737 असेल तर आसनांचा नकाशा नीट पाहावा: पंखाच्या थोडं पुढे, वातानुकूलनाची नळी भिंतीतून जाते तिथे खिडकीच नसते. तिकिटावर मात्र ती जागा ‘विंडो’च असते!

वेळेचंही भान हवं. दुपारकडे शिखरांभोवती ढग जमतात, म्हणून सकाळचं विमान उत्तम. डिसेंबर-जानेवारीत काठमांडूच्या खोऱ्यात पहाटे धुकं साचतं आणि अगदी पहिली उड्डाणं रखडतात. तेव्हा त्यानंतरचं एखादं घ्यावं. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवा सर्वांत स्वच्छ मिळते. शिखरं उत्तरेला असल्याने सूर्य सहसा डोळ्यांवर येत नाही. फोटो काढताना फ्लॅश बंद करून मोबाइल काचेच्या अगदी जवळ धरला, की आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब टळतं.

दिल्लीहून काठमांडूला येतानाही हिमालय दिसतो. फक्त विमान पूर्वेला जात असल्याने तो डाव्या हाताला असतो, आणि दिल्लीला परतताना उजव्या. यात्रा कंपनीकडे पैसे भरतानाच या चारही उड्डाणांच्या बाजू कागदावर लिहून द्याव्यात, आणि हव्या त्या बाजूच्या खिडक्या कमी पडणार असतील तर त्या आधी गटातल्या वडीलधाऱ्यांच्या नावावर घालाव्यात.