दूर्वामाहात्म्य आणि दूर्वारक्षण

श्रीगणेशांच्या पूजेत दूर्वांकुरांचे स्थान अनन्यसाधारण आहे. सुवर्णालंकार अर्पण करणे सर्वांनाच साध्य होत नाही. दूर्वांची एक जुडी मात्र गरिबातील गरीब भक्तही वाहू शकतो. अनलासुरास गिळल्यामुळे श्रींच्या अंगाचा झालेला दाह, ८८,००० ऋषींनी प्रत्येकी २१ दूर्वा अर्पण केल्यावर शमला, ही कथा सर्वश्रुत आहे. आयुर्वेदानेही दूर्वा शीत गुणाची मानली आहे. भाविकांना या वनस्पतीची नीट ओळख व्हावी आणि तिचे रक्षण घडावे, या हेतूने पुढील माहिती देत आहोत.

नावे व स्वरूप

दूर्वा ही तृणकुलातील बहुवर्षायू वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ असे आहे. शेतकरी तिला हरळी म्हणतात. अमरकोशात तिची शतपर्विका, सहस्रवीर्या, भार्गवी, रुहा व अनंता अशी नावे आढळतात. शतपर्विका म्हणजे शंभर पेरे असलेली, रुहा म्हणजे उगवणारी आणि अनंता म्हणजे जिला अंत नाही अशी. ही नावे सार्थ आहेत. दूर्वेची खोडे जमिनीलगत सरपटत जातात, काही मातीखालून पसरतात. पेरापेरास मुळे फुटून तेथून नवा अंकुर वर येतो. अग्निचयनात दूर्वेची इष्टका ठेवताना म्हणावयाच्या वैदिक मंत्रातही ती पेरापेरातून उगवणारी असल्याचे वर्णन आहे.

तिची पाती अरुंद असतात व पात्याच्या तळाशी पांढऱ्या केसांची बारीक कड दिसते. तुऱ्यात साधारणतः ३ ते ६ बारीक कणसे एकाच बिंदूतून हाताच्या बोटांप्रमाणे पसरतात. पूजेसाठी मात्र तुरा न आलेले, ३ किंवा ५ पात्यांचे कोवळे अंकुरच घ्यावेत.

भूमीचे आच्छादन

दूर्वा जेथे दाट पसरते तेथे पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही, वाहत्या पाण्याचा वेग मंदावतो आणि मुळांच्या जाळ्यामुळे माती धरून ठेवली जाते. म्हणून शेताचे बांध व उतार यांवर ती उपकारक ठरते. उन्हाळ्यात पाती वाळली तरी मातीखालील खोडे जिवंत राहतात व पहिल्या पावसाबरोबर भूमी पुन्हा हिरवी होते. हाच चिवटपणा पिकात तणाच्या रूपाने त्रासदायक होतो; यास्तव तिची लागवड पिकापासून दूर करावी.

खुडावी, उपटू नये

गणेशोत्सवात व संकष्टीस दूर्वांना मोठी मागणी असते. अशा वेळी काही ठिकाणी मुळांसकट थरच्या थर खरवडून काढले जातात. पूजेस लागतो तो केवळ अंकुर. मुळे व माती शेवटी टाकूनच दिली जातात. उतारावरील जमीन ऐन भाद्रपदात उघडी पडली, तर तिची माती पावसाबरोबर वाहून जाते. पेर जमिनीत राहिले तर तीच दूर्वा पुन्हा अंकुरते व पुढील चतुर्थीसही उपलब्ध होते. तणनाशक फवारलेल्या जागेतील दूर्वा पूजेस घेऊ नयेत.

घरी लागवड

दोन-तीन पेरे असलेले खोडाचे तुकडे पावसाळ्याच्या आरंभी पसरट कुंडीत आडवे दाबावेत, एखादे पेर मातीबाहेर ठेवावे व माती ओलसर राखावी. कुंडी भरपूर उन्हात असावी. दाट सावलीत दूर्वा विरळ होत जाते.

देणगीदारांस नम्र निवेदन

मंदिराच्या प्रांगणास फरशी बसविण्यासाठी देणगी देण्याची इच्छा अनेक भक्त व्यक्त करतात. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. परंतु फरशीखाली गेलेल्या भूमीत दूर्वा उगवत नाही व पाणीही मुरत नाही. ये-जा करण्याच्या वाटेपुरती फरशी पुरेशी आहे. उर्वरित जागा दूर्वेसाठी मोकळी राखणे, तिला पाणी व कुंपण पुरविणे, हीदेखील श्रींची सेवाच होय. अशा सेवेने श्रींच्या चरणी अर्पण होणारी दूर्वा याच भूमीत, पिढ्यानुपिढ्या उगवत राहील.

श्रींची कृपा आपणा सर्वांवर अखंड राहो, ही प्रार्थना.